पाय टेकतील अशी बाइक

माझ्या मुलीच्या पोटरीवर भाजल्याचा एक डाग आहे. तो माझ्या थोरल्या दिरांमुळे पडला आणि त्याचा सूड मी घेतला. घरातल्या घरात असं मनात धरून ठेवू नये, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी धरून ठेवलं, आणि अजूनही त्याचं मला वाईट वाटत नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही शारजात राहत होतो. भावोजींची एसीचे डक्ट बसवण्याची कंपनी होती आणि माझा नवरा त्यांच्याच हाताखाली साइट सांभाळायचा. धाकटा भाऊ म्हटल्यावर कौतुक कमी आणि बोलणी जास्त. थंडी सुरू झाली की शुक्रवारी दोन्ही कुटुंबं हत्ताच्या रस्त्याला वाळूत सहलीला जायची. भावोजी कंपनीच्या कामाची माणसंही बोलवायचे. कोळशावर चिकन, डब्यात पुऱ्या, थर्मासात चहा, आणि मधोमध खुर्ची टाकून बसलेले भावोजी.

त्या वर्षी त्यांनी मुलाला डर्ट बाइक घेतली होती. मुलगा नऊ वर्षांचा, बाइक पंच्याऐंशी सीसीची, गिअरवाली. पोराचे पाय हवेत लोंबत होते. कुणी तरी तसं म्हणाल्यावर भावोजी म्हणाले, "वाढत्या अंगाचं घेतलंय. दोन वर्षांनी परत कोण खर्च करणार?" शाळेचा युनिफॉर्म घ्यावा तशी त्यांनी बाइक घेतली होती.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती त्यांच्याजवळ जाऊन म्हणाली, "मोठे काका, कॅन आय ट्राय?"

"तू?" भावोजी पाहुण्यांकडे बघून हसले. "ये, बस. बघू या मुलींना काय जमतं ते."

मी चिकन उलटत होते. मी उठेपर्यंत त्यांनी तिला सीटवर ठेवलं होतं. तिच्या हाताने क्लच दाबून धरला, गिअर टाकला, ॲक्सिलरेटर पिळला आणि म्हणाले, "आता सोड." तिने सोडला. बाइक उसळली, पुढे गेली आणि तिला घेऊन आडवी झाली. तिचा पाय सायलेन्सरखाली होता.

ती किंचाळली ते अजून माझ्या कानात आहे. आणि त्या मागोमाग भावोजींचं हसणं. "झाली हौस? जा, भातुकली खेळ."

पाहुणेही हसले. माझ्या जावेने तेवढी मान खाली घातली.

परतताना दवाखान्यात मलमपट्टी झाली. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं. स्वभावच आहे दादाचा." मागच्या सीटवर पोरगी मुसमुसत होती आणि तिचा धाकटा भाऊ, जेमतेम पाच वर्षांचा, तिच्या पायावर फुंकर घालत होता. मी तिथेच ठरवलं, की या माणसाला मी याच वाळूत, अशाच पाहुण्यांपुढे खाली बघायला लावीन. आणि तेही हिच्याच हातून.

मी एका फ्रेट कंपनीत नोकरीला होते. तिथली इंग्रज मॅनेजरीण सुट्टीच्या दिवशी आपल्या मुलांना मोटोक्रॉसला, म्हणजे मातीतल्या बाइक शर्यतींना न्यायची. मी तिला विचारलं, लहान मुलांना पहिली बाइक कशी निवडायची? ती आधी माझ्या साडीकडे बघून हसली आणि मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिली. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आडवी पडली तर मुलाला ती स्वतः उचलता आली पाहिजे. पहिल्या बाइकला गिअर नको, क्लच नको. आणि मूल वाढणार म्हणून मोठी घ्यायची नाही, कारण ते वाढेपर्यंत घाबरून बसतं. "धिस इज हाऊ दे लर्न टु हेट इट," ती म्हणाली. मला पुतण्याचा चेहरा आठवला. तो त्या बाइकवर कधीच हसायचा नाही.

मग आम्ही दुबईत अल क्वोजला गेलो. गोदामांच्या रांगांमध्ये जुन्या बाइक विकणारी दुकानं होती. दोन्ही मुलं बरोबर होतीच. पहिल्याच दुकानात लाल चकचकीत बाइक होती आणि पोरगी तिच्यावरून हात काढेना. मी तिला वर बसवलं. टाचा उचललेल्या. "उतर," मी म्हटलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बच्ची बडी हो जाएगी." मी म्हटलं, "जब होगी तब आऊंगी."

दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात तेच. मी तिला बसवायचे, मग बाइक जमिनीवर आडवी करायला लावून म्हणायचे, "आता उचल." दुकानदार वैतागायचे. नवरा घाम पुसत बाहेर उभा. "अगं, यल्ला, एक कुठली तरी घे आणि चल."

शेवटी एका कोपऱ्यात पन्नास सीसीची पिवळी बाइक सापडली. रंग उडालेला, एका बाजूचं प्लॅस्टिक तडकलेलं. पण सायलेन्सरला जाळीचं कव्हर होतं, चेन झाकलेली होती. ॲक्सिलरेटरच्या मुठीपाशी एक स्क्रू होता. तो आत पिळून ठेवला की मूठ थोडीच फिरायची आणि बाइकचा वेग आवरलेला राहायचा. पोरगी बसली, दोन्ही तळवे सपाट टेकले. आडवी केली, तर दात ओठ खाऊन तिने ती उभी केली.

"बट इट्स अ बेबी बाइक, ममा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बेबी बाइकच पाहिजे मला," मी म्हटलं.

धाकट्याचे पाय मात्र टेकत नव्हते. गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका दुकानात नेऊन आम्ही सीटचा फोम थोडा कापून घेतला, मग त्याचेही चवडे पोहोचले. हेल्मेट, बूट, गुडघ्याची पॅडं मात्र मी नवी घेतली, तिथे चालढकल केली नाही.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही शारजाबाहेरच्या मोकळ्या माळावर जायचो. भावोजींचा फोन आला तर नवरा सांगायचा, मासळी बाजारात आहोत. सुरुवातीला मी पोरीला इंजिन चालूच करू दिलं नाही. मी मागून ढकलायची आणि तिने फक्त ब्रेक मारायचा. मग इंजिन, मग वळण, मग मऊ वाळू. पडली की मी हात पाठीमागे बांधून उभी राहायची. ती स्वतः उचलायची. ती धीट होत गेली तसा मी तो स्क्रू थोडा थोडा बाहेर काढत गेले. प्रत्येक वेळी स्क्रू ड्रायव्हर फिरवताना मला भावोजींचं तोंड दिसायचं आणि फार बरं वाटायचं.

दरम्यान ते त्या पडण्याची गोष्ट जिथे तिथे सांगत होते. आमच्याच घरी, गणपतीच्या जेवणाला, त्यांनी हात फिरवून नक्कल करून दाखवली. "अशी गेली, आणि धप्प!" पोरगी माझ्याकडे बघत होती. मी भावोजींच्या पानात आणखी एक मोदक वाढला आणि म्हटलं, "घ्या ना, भावोजी. पोटभर हसा."

पुढच्या थंडीत सहल ठरली. त्या दिवशी त्यांनी एका मोठ्या कंपनीचे इंजिनिअर बोलवले होते. आम्ही पिकअपमधून पिवळी बाइक उतरवली, तेव्हा भावोजी खुर्चीतच मागे रेलून हसले. "हे काय, खेळणं आणलंस? अरे, लावा रे रेस! त्या झाडाला वळसा घालून परत."

मी तोंडदेखलं म्हटलं, "नको हो, कशाला." पण याचीच मी वाट बघत होते.

दूर एक घाफचं झाड होतं. तिथपर्यंत कडक जमीन, झाडाभोवती मऊ वाळू. पुतण्या सुसाट पुढे गेला. भावोजी टाळ्या वाजवत होते. माझी पोरगी बरीच मागे पडली, आणि नवरा माझ्या कानाशी पुटपुटला, "उगीच केलंस." झाडापाशी वाळूत पुतण्याची बाइक डगमगली. त्याने पाय खाली टाकला, तो पोहोचला नाही. बाइक आडवी झाली. त्याला लागलं नव्हतं, पण बाइक काही उचलवेना. तो हँडल धरून ओढत होता आणि त्याच्या बाजूने पिवळी बाइक फटफटत, पाय टेकत, वळसा घालून निघाली.

ती परत आली तेव्हा इंजिनिअर लोकांनी शिट्ट्या मारल्या. भावोजी उठून झाडाकडे बघत ओरडत होते, "उचल ना, गाढवा! एवढंही जमत नाही?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "त्याला कशाला ओरडता, भावोजी? पोरगा हुशार आहे हो. बाइक निवडणाऱ्याला अक्कल नव्हती."

एक इंजिनिअर पुण्याचा होता. त्याला हसू आवरलं नाही, आणि त्याने ते बाकीच्यांना इंग्रजीत सांगितलं. मग सगळेच हसले. भावोजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वर्षभर मी जे मनात पाहिलं होतं, त्याच्यापेक्षा ते दृश्य चांगलं होतं.

त्यानंतर त्यांनी आमच्या घरी येणं बंद केलं. नवऱ्याला ऑफिसात टाकून बोलायला लागले. काही महिन्यांनी त्याने दुसरी नोकरी धरली. "खलास," तो घरी येऊन म्हणाला, आणि त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. हेही मी माझ्या सुडातच धरते.

मग एक दिवस जावेचा फोन आला. इतकी वर्षं आमचं बोलणं लोणच्या-पापडापुरतं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बरं केलंस. मला कधी जमलं नसतं." आणि मग, "ते दुकान कुठलं गं? याला पाय टेकतील अशी एखादी मिळेल का?"

तिने ती मोठी बाइक नवऱ्याला न विचारता विकली होती. आम्ही दोघी पुतण्याला घेऊन अल क्वोजला गेलो. तो एकेका बाइकवर बसून आधी खाली पायाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. एकीवर दोन्ही पाय टेकले, तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "काकू, विल यू टीच मी?"

"शिकवीन," मी म्हटलं. "पण तुला सोडायला तुझे बाबा आले पाहिजेत."

पोराने हट्टच धरला, तेव्हा ते आले. दर शुक्रवारी गाडी आमच्या माळावर लागायची. काचा वर, एसी चालू, भावोजी आत पेपर धरून. पोरगा माझ्या हाताखाली ब्रेक शिकत होता, माझी मुलगी त्याला ओरडून सूचना देत होती, आणि बापाला हे सगळं काचेतून बघावं लागत होतं. मी मुद्दाम त्यांच्या गाडीसमोरच शिकवायची.

एकदा मी थर्मासमधला चहा घेऊन गेले आणि काचेवर टकटक केलं. काच खाली आली. त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला, माझ्याकडे न बघता म्हणाले, "साखर कमी आहे."

"हो," मी म्हटलं, "मुद्दामच कमी घातलीय."

त्यांनी तो चहा तसाच संपवला.