धाकटीचा गोल ओव्हन

आमची धाकटी जाऊ रविवारी सकाळी सासऱ्यावर ओरडायची. खरंच ओरडायची. "अण्णा, बसा आधी! तो काय तुमची वाट बघायचा न्हाई!" ज्या माणसासमोर आमचे हे, दोन पोरांचे बाप झाले तरी, खाटेवर टेकत नसत, तो माणूस खोरं भिंतीला लावून, हातपाय धुऊन मुकाट्यानं पाटावर येऊन बसायचा. मी चुलीपुढून बघत राहायचे. बारा वर्षं झाली होती मला त्या घरात. डोक्यावरचा पदर जरा ढळला तर नुसतं खाकरून मला जाग्यावर आणणारा हाच माणूस. आणि ही कालची पोरगी त्याला बसा म्हणते, नि तो बसतो!

पिंपरी पेंढारच्या शिवारात, मळ्यातच आमचं घर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे चूल पहिल्या दिवसापासून माझ्या गळ्यात पडली. धाकटी आली तेव्हा ब्याण्णव-त्र्याण्णवचं साल असेल. तिचे वडील लोणावळ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकी होते. ही तिथंच, मागच्या खोलीत वाढलेली. लग्नात तिला हंडा-कळशी आलीच, पण बंगल्यावरच्या बाईसाहेबांनी आणखी एक वस्तू दिली होती. अ‍ॅल्युमिनियमचा गोल ओव्हन. झाकणाला बांगडीएवढी काच, बाजूला एक लाल दिवा. वस्तीवरच्या बायका तो बघायला आल्या. मी म्हटलं, "बघा बाई, आमच्या धाकटीला चूल नको, दिवा लावला की भाकर तयार!" बायका हसल्या. धाकटीही हसली. तिला टोमणा कळायचाच नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करायची. मला अजून उलगडा झालेला नाही.

भाकरी तिला थापता येत नव्हती. परातीत फुटायची, तव्यावर जाताना दुमडायची. धारा काढायला बसली तर म्हैस लाथ मारायची. पहिले सहा महिने ती या घरात नुसती पाहुण्यासारखी वावरली. मग एका रविवारी तिनं तो ओव्हन खाली काढला. भांड्यात तूप घालून ते आधी ओव्हनमध्ये कडकडीत तापवलं. त्यात केळ्याच्या चकत्या सोडल्या, त्या चर्र झाल्या. वरून मैद्याचं पातळ पीठ, दूध-साखर-वेलदोडा घातलेलं, एका दमात ओतलं आणि झाकण लावलं. "आता उघडायचं न्हाई. कुणीबी उघडायचं न्हाई," म्हणून ती काचेला डोळा लावून बसली. वीस मिनिटांनी भांड्याच्या कडा चढून ते पीठ वर आलं होतं, सोनेरी, टम्म. बंगल्यावर त्याला पॅनकेक म्हणायचे. आमच्या पोरांनी त्याचं नाव फुगा ठेवलं.

त्या फुग्याची एक खोड होती. ओव्हनमधून काढला की दोन मिनिटांत बसायचा. आमच्या घरची रीत अशी की आधी पुरुष, मग पोरं, त्यांची ताटं उचलली की आम्ही. म्हणजे आमच्यापर्यंत तो येईस्तोवर त्याचं चामडं झालेलं असणार. धाकटीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सगळे बसल्याबिगर मी झाकण काढायची न्हाई. ताई, तुमीबी बसा." मी म्हटलं, वेडी का काय ही! पण अण्णांनी माझ्याकडं न बघता पाट जरासा सरकवला. बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरात माणसांच्या पंगतीला बसून गरम घास खाल्ला. खोटं कशाला सांगू, पहिला घास मी पदराआड खाल्ला. दुसरा सगळ्यांसमोर.

कापायचीही ती. अण्णांना मधला मऊ तुकडा, कारण दात गेलेले. पोरांना केळं जास्त असलेला. आणि मला कडेचा, कुरकुरीत. मला करपलेली कड आवडते हे मी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तव्यावरच्या भाकरीची कड मी गुपचूप मोडून खायचे, ते हिनं बघून ठेवलं होतं. "ताईंचा कडेचा हां, कुणी हात लावू नका," असं दर रविवारी म्हणायची. मला तेही खुपायचं. माझी आवड हिनं का ओळखावी, असं वाटायचं. माणसाच्या पोटात एकदा दुखायला लागलं की त्याला कुठलंही निमित्त चालतं.

अडचण होती ती लाईटची. विहिरीवरची मोटर चालू असली की घरातला बल्ब मिणमिणता व्हायचा, ओव्हन तापायचा नाही, फुगा उठायचा नाही. दीर जळालेल्या मोटरींचं वायंडिंग भरायचं काम करायचे, त्यांनी तिला हे कारण सांगितलं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही थेट अण्णांपुढं उभी. "अण्णा, रविवारी सातला वीस मिंटं मोटर बंद ठेवाल का?" मी ओट्यावर कान देऊन. घरात बाळंतीण असताना ज्यानं पाण्याची पाळी सोडली नव्हती, तो हिच्या फुग्यासाठी मोटर बंद करणार? पण रविवारी सातला विहिरीवरचा आवाज थांबला आणि घरातला बल्ब लख्ख झाला. मग हे दर रविवारी होत राहिलं.

केळी संपली की चिकू, उन्हाळ्यात आंबा, शिमग्याच्या आधी द्राक्षं. दोन वर्षं असं चाललं. आणि मग एक दिवस मी उकिरडा उकरत असताना खाली, अगदी खाली, अंड्यांची टरफलं निघाली.

अण्णा माळकरी. घरात अंडं यायचं नाही. आमचे हे नि दीर आळेफाट्याला जाऊन काय खायचे ते खायचे, पण उंबऱ्याच्या आत नाही. मी टरफलं हातात घेऊन धाकटीपुढं धरली. तिचा चेहरा उतरला. दीर जेवणाच्या डब्यातून अंडी आणत होते. "दह्याचा करून बघितला, सोडा घालून बघितला, उठतच न्हाई ओ ताई," ती म्हणाली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "मला भाकर येत न्हाई, म्हैस मला जवळ येऊ देत न्हाई. हे एकच मला येतं. हा फुगा गेला तर या घरात मी कोण? तुमच्या पाया पडते, कुणाला बोलू नका." माळकरी माणसाला फसवून अंडं खाऊ घालणं ही चूकच. मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण मी शब्द दिला. आणि शब्द दिल्यावर दर रविवारी माझा कडेचा तुकडा खाल्लाही.

आठ महिने पाळला शब्द. मग एका रविवारी अण्णांचे भजनातले एक सोबती आले. सगळे त्यांना बुवा म्हणायचे. अण्णांनी त्यांना आग्रहानं आमच्यात बसवलं. द्राक्षांचा फुगा होता त्या दिवशी. बुवांनी घास घेतला, मान डोलावली. अण्णा खुशीत येऊन म्हणाले, "बारा-चौदा वरसं नुसत्या भाकरी खाल्ल्या बुवा या घरात. हाताला चव आसल्याली सून आत्ता आली बगा." आणि हसले. आमचे हेही हसले. धाकटी लगेच म्हणाली, "असं कसं अण्णा, ताईंच्या भाकरीला..." पण माझं डोकं फिरलं होतं. पहाटे चारला उठून थापलेल्या चौदा वर्षांच्या भाकरी, ओल्या बाळंतपणात थापलेल्या, तापात थापलेल्या. मी म्हटलं, "चव हाताची न्हाई अण्णा. अंड्यांची हाय. एकेका फुग्यात चार असत्यात."

मोटर बंदच होती. बुवांनी हातातला घास ताटात ठेवला, मोरीत गेले आणि घशात बोटं घातली. अण्णा मात्र लगेच उठले नाहीत. बुवा तोंड पुसत परत आले, त्यांनी अण्णांकडं बघितलं, तेव्हा अण्णा उठले, गळ्यातली माळ काढली आणि खुंटीला अडकवली. आमच्या ह्यांनी ओव्हन वायरीसकट उचलून अंगणात भिरकावला. काच फुटली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला ठावं व्हतं? ठावं असून खात व्हतीस?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटी म्हणाली, "ताईंना आज सकाळीच कळलं. म्याच सांगितलं."

मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, काचा गोळा करायला गेली. आणि मी गप्प बसले. आठ महिने खात होते हे एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. बुवांसमोर मात्र कशी घडाघडा बोलले होते!

अण्णांनी देहशुद्धी करून पुन्हा माळ घातली. धाकटीला चुलीकडं यायची बंदी झाली. तिनं पाणी भरलं तर ते ओतून दिलं जायचं. महिनाभर ती गोठ्याच्या कडेला बसून तांदूळ निवडत राहिली आणि मग दिरांनी आंबेगाव तालुक्यात, कळंबला खोली घेतली. ती निघाली तेव्हा मी ओव्हन पुसून तिच्यापुढं नेला. "राहू द्या ताई," ती म्हणाली, "काच फुटली, आता धग धरायचा न्हाई." टेम्पोत बसताना ती माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं सुद्धा नाही, अशी अवघडून उभी होते.

पुढच्या रविवारी मी भाकरी थापत होते. सात वाजले आणि मोटर थांबली. मला वाटलं लाईट गेली, पण डोक्यावरचा बल्ब लख्ख पेटलेला. विहिरीवर गेले तर अण्णा स्टार्टरपाशी बसलेले. म्हटलं, "काय बिघडलं का?" म्हणाले, "काय न्हाई. वीस मिंटं व्हऊ दे." त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. मी विचारलं, "अण्णा, तुमाला ठावं व्हतं का?"

"माळ घालायच्या आधी चाळीस वरसं काय गवत खाल्लं म्या?" ते म्हणाले. "पहिल्याच घासाला कळलं."

"मग बोलला का न्हाई?"

"समद्यांना एका जागी बसवत व्हती पोरगी. तुझ्या सासूला म्या कदी संगं बसवली न्हाई. माझं पाप माझ्यापाशी व्हतं. देवाला म्या सांगितलं व्हतं."

"मग जाताना तिला अडवली का न्हाई?" माझा आवाज चढला होता. त्यांच्यापुढं आयुष्यात एकदाच चढला.

अण्णांनी मान वर केली. "चारचौघांत तू बोललीस. आता कोंच्या तोंडानं अडवू?" एवढं म्हणून त्यांनी बटण दाबलं. मोटरीच्या आवाजात पुढचं बोलणं झालंच नाही. माझा मला संताप आला, आणि त्यांचा माझ्याहून जास्त आला. ज्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं एका बुवाच्या नजरेसाठी सून घालवली. मी निदान जळून बोलले होते. मोटर मात्र ते अंथरुणाला खिळेपर्यंत दर रविवारी सातला बंद करत राहिले. घरात पुन्हा आधी पुरुष, मग पोरं, मग मी. एकटीच.

अण्णा गेले तेव्हा नवं शतक लागून तीन-चार वर्षं झाली होती. धाकटी दहाव्याला आली. केस पांढरे, हाडं वर आलेली, आणि गळ्यात तुळशीची माळ. मी तिला आत ओढलं. म्हटलं, "हे काय गं?" ती म्हणाली, "तेव्हाच घालून घेतली, ताई. माझ्यापायी अण्णांचं व्रत मोडलं. कुणीतरी फेडायला पायजेच ना." फुगा? छे, अंड्याचा वास आला तरी ती उठून बाहेर जायची. मग जरा थांबून तिनं विचारलं, "जाताना माझ्याबद्दल काय बोलले का ओ अण्णा?"

सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. विहीर, स्टार्टर, वीस मिंटं, पहिला घास. पण ते सांगितलं की मग दोष द्यायला उरत होते ती एकटी मीच. मी म्हटलं, "न्हाई गं." तिनं मान हलवली आणि ताटं उचलायला गेली. बाहेर पुरुषांची पंगत उठत होती.

मनाशी म्हटलं, सांगीन पुन्हा कधीतरी, एसटीनं तासा-दीड तासाची तर वाट आहे. दोन वर्षं गेली. मग कळंबहून निरोप आला, कावीळ अंगात भिनली होती. मी पोचले तेव्हा तिला अंघोळ घातलेली होती, नवं लुगडं नेसवलं होतं. गळ्यात माळ तशीच. मी तिच्या डोक्याशी बसले, कानाशी वाकले आणि म्हटलं, "धाकटे, अण्णांना पहिल्या घासापासनं ठावं व्हतं गं. तू कुणाचं कायबी मोडलं न्हाईस."

बायकांचा गलका चालू होता. कुणाला ऐकू गेलं नाही.