शेफाली माईक निवडते तेव्हा

माझी भाची शेफाली चहासुद्धा एका जागी बसून पीत नाही. कप घेऊन गॅलरीत जाते, तिथून ओट्यापाशी, तिथून पुन्हा खोलीत. शेवटचा घोट कुठल्यातरी खिडकीत सापडतो, गार झालेला. माझ्या भावाची, संपतची मुलगी ती. वाघोलीला बापलेकीचे तिच्या इलेक्ट्रिक गिटारवरून खटके उडायला लागले, तशी गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा तो काळा खोका (ती त्याला अँप म्हणते) घेऊन मांजरी गावात माझ्याकडे राहायला आली. संपतने फोनवर विचारलं, "तुझ्या देवघराशेजारी तो धिंगाणा चालेल का?" म्हटलं, "आमचे टाळ काय मुके आहेत का?"

नोकरी हिंजवडीत. अर्धा जीव कंपनीच्या बसमध्ये जातो, उरलेला त्या खोक्यासमोर.

गेल्या शनिवारी तिची परीक्षाच होती. चेतन म्हणून एकाचा बँड आहे, त्यांना गिटार वाजवणारं माणूस हवं होतं. संध्याकाळपर्यंत घरी वाजवून, नीट रेकॉर्ड करून पाठव, असं त्याने सांगितलेलं. अशा दोन संधी हिने आधी घालवल्यात. वाईट वाजवलं म्हणून नव्हे. हे बदल, ते बदल करत शेवटी काही पाठवलंच नाही म्हणून. या वेळी तरी पाठवेल की नाही, याचा घोर तिच्यापेक्षा मलाच जास्त.

ऑफिसमधल्या मैत्रिणीचा एक महागडा, नाजूक माईक तिने आणला होता. तो भलताच तिखट कानाचा निघाला. अँपबरोबर कुकरची शिट्टी, खालून जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी, माझं विष्णुसहस्रनाम, सगळंच त्यात आलं.

"आत्या, तुझे विष्णू माझ्या गिटारमध्ये आलेत."

"बरंच की. कुणाकुणाकडे बोलावूनही येत नाहीत."

ती हसली नाही. दारांना चादरी लावल्या, मीही नाम मनातल्या मनात घेतलं, पण ट्रॅक्टरवाल्याला कोण सांगणार? मग कुठूनसं वाचून आली, की अँपपुढे स्टेजवरचा साधा माईकच बरा. तो समोरचंच ऐकतो आणि मोठ्या आवाजाला बिचकत नाही. तसला एक माझ्या कपाटात होता, आमच्या भजनी मंडळाचा. म्हटलं, "घे. पण आज एकादशी आहे, संध्याकाळी देवळात लागेल."

दुपारभर ती रेकॉर्ड करून परत लावून बघत होती, आणि खोलीतून ऐकू येत होतं ते गोधडीत तोंड खुपसून कुणी रडावं तसं. माईक जवळ घे, लांब घे, मध्ये धर, कडेला धर. मग एकदम शांतता. मी भगर घेऊन आत गेले, तर ही चेतनला 'जमत नाहीये' असं लिहीत बसलेली. आणि अँपसमोर आमचा माईक, खणाच्या टोपीसकट!

"अगं, टोपी नाही काढलीस?"

"काढायची असते?"

"मग?"

"मला वाटलं देवाचं वस्त्र आहे. सोवळ्यातलं. हात लावला असता तर तूच ओरडली असतीस."

मी कपाळाला हात लावला. एकच माईक साऱ्या जणींच्या तोंडापाशी फिरतो, उष्टं लागू नये म्हणून आमच्या मंडळाच्या मुक्ताईंनी आत कापूस भरून ती टोपी शिवली आहे. आमच्या भजनात कुणाला काही फरक पडत नाही. एकादशीला ऑम्लेट मागणारी ही मुलगी, नेमकी इथेच भाविक झाली!

दोरा घट्ट टाचलेला होता. मीच कात्रीने उसवला.

मग तिने माईक अँपच्या जाळीला जवळजवळ टेकवला. अगदी मधोमध आवाज टोचतो म्हणाली, म्हणून बोटभर बाजूला सरकवला. वाजवलं, रेकॉर्डिंग लावलं आणि एकेक तार वेगळी ऐकू आली. ट्रॅक्टर गायब. पण बाई थांबेल तर शपथ. पुन्हा वाजव, पुन्हा माईक हलव.

"आता पाठव, शेफाली."

"एकदाच, आत्या. शेवटचं."

"हे तू मघाशीही म्हणालीस." मी सरळ माईकची वायर काढली आणि गुंडाळायला लागले. "देव वाट बघेल, मुक्ताई बघणार नाहीत."

तिने गिटार भिंतीला टेकवली. मग खाली बसली आणि झालं होतं त्यातलं एक पाठवून दिलं.

घरी थांबवेना, म्हणून देवळातही आली. मुक्ताईंनी माईक बघितला. "टोपी कुठं हाय?"

"धुवायला काढलीय," मी म्हटलं.

"एकादशीलाच बरी आठवली!"

शेफाली खांबाला टेकून बसली. गुडघा सारखा हलतोय, फोन मांडीवर पालथा. मी माईकपुढे, गाता गाता तिच्याकडेच लक्ष. अभंग अर्ध्यात असताना तिने फोन उलटला. वाचला, पुन्हा वाचला. मग बायकांच्या टाळांतून वाट काढत आली आणि फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. 'गुरुवारी प्रॅक्टिस. गिटार घेऊन ये.'

माझा अभंग चुकला. मुक्ताईंनी डोळे वटारले. पोरगी तोवर दारातून बाहेरसुद्धा पडली होती.

आरतीनंतर बघते, तर माझ्या चपला नाहीत. तिच्या होत्या, एक नंबर लहान. त्याच घालून, टाचा बाहेर ठेवून घरी आले.