करंगळीकाकांचं माप

करंगळीकाका काम सोडणार, या काळजीनं मला धड झोप लागत नाही. काळजी करणं हा माझा स्वभावच आहे आणि घरात त्यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण ही काळजी वेगळी आहे. तिच्या मुळाशी मीच आहे.

काकांचं दुकान तबेल्यामागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि लाँड्री यांच्या मधे. आत शिरलं की आधी कातड्याचा आणि मेणाचा वास येतो. मग भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या रिकिबी दिसतात. घोड्यावर बसल्यावर ज्यात पाय ठेवतात त्या. मधोमध एक लाकडी घोडा आहे, म्हणजे चार पाय, त्यावर आडवं पिंप आणि पिंपावर खरंखुरं खोगीर.

पूर्वी काका बुटांच्या दुकानात विक्रेते होते. खोगीर बनवणाऱ्याच्या मुलीशी लग्न झालं आणि सासऱ्यांच्या हाताखाली ते कातडं कापायला शिकले. “पाय मला आधीच कळत होते, घोडा सासऱ्यांनी शिकवला,” असं सांगतात. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुकानावरच्या खोल्यांत ते आणि त्यांची विधवा भावजय राहतात आणि दिवसभर जिन्याच्या वरून-खालून एकमेकांशी भांडतात. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो.

माझ्या लेकीनं गेल्या वर्षी लांब पल्ल्याची घोडेस्वारी सुरू केली. एका दिवसात ऐंशी किलोमीटर! ती पडेल ही भीती मला होतीच. त्यात एका मासिकात वाचलं, की पडण्यापेक्षा वाईट म्हणजे पडताना पाय रिकिबीत अडकणं. घोडा पळतो आणि माणूस फरफटत जातं. दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन काकांकडे हजर.

तिनं भिंतीवरची सगळ्यात चकचकीत जोडी उचलली. “काका, ही बघा, पिसासारखी आहे!”

“पिसासारखीच आहे. दमल्यावर पाय निसटला, तर ही वाऱ्यावर भिरभिरत राहणार. अंधारात मांजर शोधल्यासारखी पायानं शोधत बसशील. जरा वजन असलेली घे, म्हणजे पायाला जिथल्या तिथं सापडेल.”

मग त्यांनी रुंद पायपट्टीची, वर रबर बसवलेली जोडी काढली. अरुंद पट्टीवर सगळा भार चवड्याच्या एका रेघेवर येतो आणि विसाव्या किलोमीटरला बोटांना मुंग्या येतात, म्हणाले. जोडी लाकडी घोड्याला लावली आणि लेकीला त्यात उभं केलं.

“किती वेळ उभं राहायचं?”

“अर्धा तास.”

“मला घाई आहे हो काका.”

“घोड्याला नाहीये.”

अर्धा तास ते तिला काय काय विचारत होते. परीक्षा कशी गेली, मैत्रिणीचं लग्न कसं झालं, सासू बरी आहे का तिची. नजर मात्र तिच्या पायांवर. मी न राहवून विचारलं, पाय दुखतोय का हे सरळ तिलाच का नाही विचारत? तर म्हणाले, “ताई, विचारलं की सगळे नाहीच म्हणतात. दुखतंय म्हणायची लाज वाटते. आपण पाय कधी हलतो ते बघायचं.”

शेवटी माप. बुटाचा तळ जिथं सर्वांत रुंद, तिथं मोजपट्टी लावली. दोन्ही बाजूंना एकेक करंगळी मावली पाहिजे, हा त्यांचा कायदा आणि त्यावरूनच त्यांचं हे नाव. जागा कमी पडली तर पाय अडकतो, जास्त झाली तर आरपार जातो. आकडा वहीत लिहिला आणि आम्हा दोघींना बजावलं, “याच बुटांनी बसायचं. बुटात काहीही बदललं तर आधी माझ्याकडे.” एकतीस वर्षांत त्यांच्या रिकिबीत कुणाचा पाय अडकला नव्हता. हे ते बढाई म्हणून नाही, दुकानाचा पत्ता सांगावा तसं सांगायचे.

आता माझं. लेकीच्या ऐंशी किलोमीटरच्या शर्यतीच्या दोन दिवस आधी मला त्या बुटांचे तळ गुळगुळीत दिसले. घसरेल पोरगी, असं मनात आलं आणि तिला न सांगता मी बूट चांभाराकडे नेले. जाड रबरी तळ लावून घेतला. “कडेनं जरा बाहेर ठेवू? टिकेल,” त्यानं विचारलं. मी म्हटलं, ठेवा. काकांनी काय बजावलं होतं, ते त्या वेळी आठवलंसुद्धा नाही. मी पायाला जपत होते ना! लेकीला वाटलं, आईनं बूट नुसते पुसून ठेवलेत.

साठाव्या किलोमीटरला घोड्याच्या तपासणीसाठी उतरायचं होतं. तिनं उजवा पाय वळवून खाली टेकला आणि डावा रिकिबीतच अडकून राहिला. एका पायावर लंगडी घालत ती घोड्याला लटकली. तपासणीच्या तंबूतल्या माणसानं धावत येऊन पाय सोडवला. घोडा दमला होता, म्हणून उभा राहिला. नसता राहिला तर, याच्या पुढचं मी लिहीत नाही.

तिला खरचटलंही नव्हतं. दोन दिवसांनी ती रिकिबी घेऊन दुकानात गेली, मी बरोबर होते. “काका, तुमची करंगळी बारीक झाली वाटतं!”

काका हसले नाहीत. “बूट तेच होते?”

“तेच की.”

मी तिथंच उभी होते. तोवर माझ्या सगळं लक्षात आलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, पण जीभ उचलेना. तुझ्या काळजीनंच मेले असते मी, असं लेक म्हणेल, याची भीती वाटली. काकांनी वहीतला आकडा पाहिला, रिकीब मोजली, पुन्हा मोजली. मग मोजपट्टी गुंडाळून खणात टाकली. “रिकीब बरोबर आहे. म्हणजे पायच चुकीचा मोजला मी,” एवढंच म्हणाले.

आज संध्याकाळी औषधांच्या दुकानात वहिनी भेटल्या.

“उद्या सकाळी आठला माणूस येतोय. शिवणयंत्र विकत नेणार आणि तो लाकडी घोडाही.”

“का हो?”

“म्हणतात, डोळ्यांनी दगा दिला, पोरीचा पाय जायचा होता माझ्यामुळे. मी म्हटलं, माझ्या आमटीतला खडा बरा दिसतो तुम्हाला! तर भांडलेसुद्धा नाहीत गं. आठवडा झाला. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत खाली दुकानात नुसते बसून असतात.”

 औषध घेतलं आणि घरी आले. बूट काढून वर्तमानपत्रावर ठेवले. नवा तळ दोन्ही कडांना जुन्याच्या बाहेर आलाय, जवळजवळ करंगळीभर.

लेक झोपली आहे. तिला सकाळी सांगेन आणि ती बोलेल ते ऐकून घेईन. आता साडेअकरा वाजलेत. इतक्या रात्री फोन वाजला की छातीत कसं धस्स होतं, हे मला कुणी सांगायला नको. पण ते जागे असतील, आणि आठ वाजता माणूस येणार आहे. आधी सांगायचं, घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. मग सांगायचं, काका, माप बरोबर होतं, बुटाचा तळ मी बदलला. लावतेच फोन.