पुरतं का, एवढंच सांग

अम्मानमध्ये आमच्या चढावर राहणारी रुदैना रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत मुख्य आहे. वय पस्तीस. कामात चोख, आणि तोच तिचा रोग. एमबीएच्या प्रवेश परीक्षेत बाई दोनदा आपटली. शिकायला रजा मंजूर होती ती याच वर्षापुरती, त्यामुळे तिसरी खेप शेवटची. मी शेजारी, निवृत्त गणित मास्तर, वर चिडका. तिने मलाच, तिच्या अम्मोला म्हणजे काकाला, धरलं.

ती अडायची 'दिलेली माहिती पुरते का' या प्रकारच्या प्रश्नांत. उदाहरणार्थ, सलमा नावाच्या मुलीचं वय सांगायला दिलेली माहिती पुरते का? एक, ती भावापेक्षा चार वर्षांनी मोठी. दोन, दोघांच्या वयांची बेरीज तीस. झालं, रुदैना पेन्सिल घेऊन सतरा आणि तेरा काढत बसायची.

"अगं, वय कुणी विचारलंय? पुरतं का, एवढंच सांग."

"उत्तर काढल्याशिवाय कसं सांगू, अम्मो? उद्या रिपोर्टवर अंदाजाने सही करू?"

"कर, आणि जा तुरुंगात. पण इथे एका प्रश्नाला दोनच मिनिटं आहेत."

महिनाभर हेच. माझं डोकं उठलं होतं.

एका शुक्रवारी दुपारी बायको कॉफी घेऊन आली. आमच्यात पाहुणा रिकामा कप हलवत नाही तोवर ओतणारा हात थांबत नाही. रुदैनाने दोन कप घेतले आणि तिसऱ्याच्या आधी कप हलवून परत दिला.

"किती घोट झाले?" मी विचारलं.

"मी कुठे मोजले?"

"मग पुरे झालं हे कसं कळलं?"

तिने कपाकडे बघितलं. मग हसत पेन्सिल माझ्या हातात दिली. "आता विचारा." वीस विचारले, अठरा बरोबर आले.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर उन्हात उभा होतो. ती आली आणि धपकन पायरीवर बसली. मला वाटलं, गेलं सगळं.

"अम्मो, शेवटी नऊ मिनिटं उरली."

"गुणांचा आकडा सांग आधी. स्क्रीनवर आला असेलच."

"प्रवेशाला लागत होता त्याच्यापेक्षा वीसने जास्त."

माझा जीव भांड्यात पडला. तरी मास्तर तो मास्तर. "मग त्या नऊ मिनिटांत उत्तरं परत तपासलीस ना?"

"नाही," ती म्हणाली. "खिडकीबाहेर बघत बसले."

तिला काहीतरी खवचट बोलणार होतो, ते राहू दिलं. मीही तिच्या शेजारी पायरीवर बसलो.