आईंचे पाच प्रश्न आणि रिकामा ट्रॅश

आधीच सांगून ठेवते — मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. सत्तावीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलंय. या ग्रुपवर लोक पिंपळाखालच्या बायकांचे आणि आपोआप वाजणाऱ्या पैंजणांचे अनुभव लिहितात, ते मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि हसते, हेही कबूल करते. तेव्हा "ताई, तुम्हाला भास झाला असेल" असं लिहायला जे कुणी येणार असतील त्यांनी कृपा करून आधी पूर्ण वाचावं. भास एकाला होतो. इथे दोघांनी ऐकलंय. आणि मला भीती वगैरे काही वाटली नाही. मला राग आलाय, तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले.

आम्ही जबलपूरला रांझीत राहतो. मिस्टर इथल्या सरकारी फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन विभागातून रिटायर झाले, तेव्हा क्वार्टर सोडून जवळच छोटं घर बांधलं. मुलगी ऋचा बंगलोरला नोकरी करते. सासूबाई — त्यांना आम्ही सगळे आईच म्हणायचो — मागच्याच्या मागच्या थंडीत गेल्या. आता घरात आम्ही दोघंच.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. प्रत्येक घराची रीत वेगळी असते, आमची अशी आहे — सुपात दोन्ही मुखवटे घेऊन सुनेनं फाटकाशी उभं राहायचं आणि घरातल्या मोठ्या बाईनं आतून विचारायचं, "कोण आलं?" सुनेनं सांगायचं, "महालक्ष्म्या आल्या." मग, "कशाच्या पावलानं आल्या?" — "हळदी-कुंकवाच्या पावलानं." असे पाच प्रश्न. प्रत्येक उत्तराला रांगोळीच्या पावलांवरून थोडं पुढे यायचं. पाचवं उत्तर दिलं की उंबरठा ओलांडायचा. पुरुषांनी विचारायचं नाही, त्यांनी ताट वाजवायचं.

आई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांनीच एक दिवस मला जवळ बोलावलं. "मी नसल्यावर आतून कोण विचारणार तुला? तुझ्या त्या मोबाईलमध्ये भरून ठेव न." मग पडल्या पडल्या पाचही प्रश्न विचारले. मध्ये माझ्या उत्तरासाठी जागा सोडायची होती, पण त्यांना कुठला दम! माझं उत्तर संपायच्या आत पुढचा प्रश्न. जन्मभर तेच केलं, रेकॉर्डिंगमध्येही तेच. एकूण एक मिनिट आणि काही सेकंदांची फाईल. "हे कोणाला पाठवायचं नाही हं," अशी वर ताकीद. "पूजेची गोष्ट आहे, वाटत नाही फिरायचं." मी पाठवली नाही. ऋचालासुद्धा नाही. फोन बदलला तेव्हा फाईल लॅपटॉपवर घेतली, बस.

मागच्या वर्षी आई नव्हत्या ते पहिलं वर्ष. यांनी आत लॅपटॉप लावला, मी बाहेर सूप घेऊन उभी, आणि आतून आईंचा आवाज. मी धावतपळत उत्तरं देत आत आले तर हे ताट हातात धरून तसेच उभे. वाजवायचं विसरले होते. हा माणूस आईच्या तेराव्यालासुद्धा कोणासमोर रडला नव्हता. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन तोंड धुऊन आला. नंतर एवढंच म्हणाले, "वर्षातून एक बार तर ऐकायला मिळते, चलो."

आता यंदाचं. महालक्ष्म्या दहा दिवसांवर, आणि लॅपटॉपवर रोज लाल पट्टी — जागा संपली, जागा मोकळी करा. माझ्याच लॅपटॉपनं मला दरडावायचं! त्यात होतं काय? माझ्या सत्तावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, लग्नांचे फोटो आणि यांच्या मॉर्निंग वॉकच्या मंडळींचे व्हिडिओ. ऋचाला फोन केला.

"मम्मी, सगळं क्लाउडवर टाक न," ती म्हणाली. "एकदम सिंपल आहे. तो फोल्डर आहे न, त्याच्यात ड्रॅग कर. हिरवी टिकमार्क आली की समज वर गेलं. मग स्पेस फ्री कर. चल, माझी मीटिंग आहे, बाय."

संपलं शिक्षण. वर्गात मी असं शिकवलं असतं तर पालक मोर्चा घेऊन आले असते.

मी सगळं त्या फोल्डरमध्ये ओढलं. रात्रभर, सकाळभर ते वर जात होतं. दुपारपर्यंत सगळ्यांवर हिरव्या खुणा. पण लाल पट्टी तशीच! मी म्हटलं, वर एक प्रत गेली आहे तर खाली कशाला ठेवायची? सगळं सिलेक्ट केलं आणि डिलीट. एक सूचना आली, ती मी वाचली नाही — दिवसाला चाळीस सूचना येतात, कोण वाचतं? आणि मला फळा अर्धवट पुसलेला आयुष्यात कधी चालला नाही. ट्रॅश रिकामा केला. वेबसाइटवर जाऊन पाहिलं, तिथेही एक ट्रॅश होता, गच्च भरलेला. तोही रिकामा केला. पट्टी हिरवी झाली आणि मी ऐटीत चहा ठेवला.

चहा उकळत असताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिथल्या ट्रॅशमध्ये माझ्याच फाईली काहून होत्या?

ऋचानं संध्याकाळी समजावलं. तो फोल्डर म्हणजे वेगळी प्रत नव्हतीच. खाली पुसलं की वरचंही पुसलं जातं. खालची जागा मोकळी करायची असेल तर त्याचा वेगळा पर्याय असतो, राइट क्लिकमध्ये. "मम्मी, मी तुला डिलीट कर म्हटलं होतं का?" नाही म्हटलं होतं. पण डिलीट करू नको असंही म्हटलं नव्हतं!

कंपनीला मी तीन ईमेल लिहिले. तीनदा तेच उत्तर — तुमची निराशा आम्ही समजू शकतो, कायमच्या पुसलेल्या फाईली परत आणता येत नाहीत, आमच्या सेवेला किती स्टार द्याल? माझी निराशा समजतात म्हणे! जुना फोन केव्हाच एक्स्चेंजमध्ये दिलेला. प्रश्नपत्रिका गेल्या, जाऊ देत. लग्नांचे फोटो नातेवाइकांकडे आहेत. पण त्या माणसाच्या आईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि तो मी माझ्या हातानं दोन-दोनदा पुसला होता. आणि त्यांना सांगायची माझी हिंमत होईना.

नऊ दिवस मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज काहीतरी निघायचं. आवाहनाच्या दिवशी सकाळी तर नक्की सांगणार होते, तर हे मोटरसायकल काढून सराफ्यात गेले. थोरल्या महालक्ष्मीच्या नथीची तार निघाली होती, ती बसवून आणायला. आले तेव्हा दीड वाजून गेला होता, मुहूर्त डोक्यावर.

"अहो, ऐका न... लॅपटॉपचं एक सांगायचं होतं," मी म्हटलं.

"मला येते लावता," ते म्हणाले. "तू सूप घे, बाहेर जा. काहून एवढी घाबरून राहिली?"

मी सूप घेऊन फाटकाशी गेले. नेसलेली नऊवारी, अंगाला घामाच्या धारा, भाद्रपदातलं रांझीचं ऊन. पायांत चप्पल नाही, फरशी तापलेली. मनात एवढंच चाललं होतं, की आता आतून हे म्हणणार, "फाईल दिसून नाही राहिली," आणि मला दोन देव हातात घेऊन रस्त्यावर उभं राहून कबुली द्यावी लागणार.

आतून आवाज आला, "कोण आलं?"

आईंचा. त्यात शंकेला जागा नाही. "कोण"वरचा तो जोर, आणि आधी घसा साफ केल्याचा बारीकसा आवाज.

मी गप्प. रेकॉर्डिंग असतं तर तीन सेकंदांत पुढचा प्रश्न यायला हवा होता, मला त्याचा वेग पाठ आहे. पण पुढचा प्रश्न आला नाही. समोरून एक ऑटो गेला, शेजारच्या भाभी गच्चीवरून कपडे काढून खाली गेल्या, तरी आत शांतता. कोणीतरी वाट पाहत होतं.

आणि मग, "बोल न बाई! उन्हात उभ्या आहेत न त्या!"

हे वाक्य त्या फाईलमध्ये नव्हतं. मी ती भरलेली आहे, मी ती कितीदा ऐकलेली आहे. नव्हतं.

मी "महालक्ष्म्या आल्या" म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. पुढचे चारही प्रश्न आले, आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर पूर्ण झाल्यावरच आले. पाचवं उत्तर देऊन मी उंबरठा ओलांडला. आत कोणी नाही. टेबलावर लॅपटॉप, मिटलेला.

हे मागच्या खोलीतून आले. एका हातात ताट, दुसऱ्या हातात चार्जर, डोळे लाल. "मोबाईलवर लावलं काय? चांगलं केलं. हा तर सुरूच नाही होऊन राहिला, मी चार्जर शोधत होतो."

माझा मोबाईल स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर होता. बंद. सोवळ्यात मी त्याला हात लावत नाही म्हणून सकाळीच बंद करून ठेवलेला.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. शेजारी आमच्या गल्लीत मराठी बोलणारं दुसरं घर नाही. टीव्ही बंद होता. ऋचा ऑफिसमध्ये होती आणि तिच्याकडे ती फाईल कधी नव्हतीच. लॅपटॉप चार्ज करून पाहिला — फोल्डर रिकामा, इथला ट्रॅश रिकामा, तिथला ट्रॅश रिकामा. ऋचाला सांगितलं तर म्हणाली, "मम्मी, स्ट्रेसमध्ये होतं असं, ब्रेन आवाज भरून काढतो." माझा ब्रेन भरून काढतो हे मानलं. यांचाही काढतो? आणि दोघांचे ब्रेन एकच वाक्य काढतात? हिला इंजिनिअर कोणी केलं!

आणि खरं सांगू, मला आईंचाही राग आलाय. यायचंच होतं तर फाईल घेऊन यायचं न! नऊ दिवस मी झोपले नाही, ते दिसलं नाही का? एवढं सगळं करता येतं तर एक फाईल जागेवर ठेवता येत नव्हती? बरं, आल्या तर आल्या, तेही मला ओरडायला.

दुसऱ्या दिवशी महानैवेद्य झाला, सवाष्णी जेवून गेल्या. आम्ही दोघं पानं उचलून मुखवट्यांसमोर टेकलो. दुपारचे चार वाजले असतील. हे म्हणाले, "ते एकदा परत लाव न. मोबाईलवर."

मी समईची वात पुढे सारली.

"ते उन्हाचं जे आहे," ते म्हणाले, "ते मागच्या वर्षी नव्हतं न? का मीच नीट ऐकलं नव्हतं?"

मग मी सांगितलं. सगळं. लाल पट्टी, हिरव्या खुणा, दोन्हीकडचा ट्रॅश, तीन ईमेल. मोबाईल फळीवर बंद होता, हेही. सांगताना मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचा संताप येत होता. वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द ऐकवले असते. पण ते ओरडले नाहीत. बराच वेळ थोरलीच्या नथीकडे बघत बसले.

"म्हणजे आता काहीच नाही आपल्याकडे," ते म्हणाले.

"काहीच नाही."

आज या गोष्टीला दोन महिने होत आले. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. पुढच्या वर्षी आतून कोण विचारणार, तेही माहीत नाही. कोणाकडे काही तर्क असेल तर जरूर लिहा, फक्त ब्रेनचं सोडून.

पण त्या दुपारचं एक राहिलं. मग ते म्हणाले, "तू म्हणून दाखव."

"काय?"

"आई बोलली ते. तुलाच तर म्हटलं न."

मला नक्कल येत नाही. माझा आवाज मास्तरणीचा, आईंच्या आवाजाशी त्याचं काही जुळत नाही. तरी मी म्हटलं, "बोल न बाई, उन्हात उभ्या आहेत न त्या."

त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"असं नाही," ते म्हणाले. "'बाई' जरा जोरात म्हणाली होती. परत म्हण."

मी परत म्हटलं.