इश्तियाकची बिनरंगाची सायकल

माझं शेवटचं पोस्टिंग लखनौला झालं आणि मी इथेच राहिलो. गाव गडहिंग्लज तालुक्यात. तिकडचे लोक अजून विचारतात, यूपीत काय ठेवलंय? मी सांगतो, मुलीची शाळा चालू होती, जानकीपुरमला घर मिळत होतं, घेतलं. हे खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं कारण विकास नगरमध्ये राहतं. शबाना भाभी. त्यांचे मिस्टर, नायक इश्तियाक अहमद, माझ्या हाताखाली वेल्डर होते.

मी तेव्हा हवलदार. फील्ड वर्कशॉपच्या रिकव्हरी डिटॅचमेंटचा कमांडर. रिकव्हरी म्हणजे खड्ड्यात, नाल्यात, दरीत गेलेली गाडी ओढून वर काढायची. आम्ही नऊ जण होतो. एक क्रेन गाडी, एक जिप्सी, दोन तंबू, पूर्वेकडची एक खिंड. सिव्हिलियन लोकांना फौज म्हटली की गोळीबार दिसतो. आमची फौज म्हणजे ग्रीस, वायर-रोप आणि शिव्या.

गेल्या जानेवारीत भाभींचा फोन आला. अमीनाबादचं सासरचं जुनं घर रिकामं करत होते. जिन्याखाली सासऱ्यांची सायकल सापडली. विलायती, अठ्ठावीस इंची, तारेऐवजी सळ्यांचे ब्रेक. सुट्टीवर आला की इश्तियाक तिच्यावरून सगळं लखनौ पालथं घालायचा. तो गेल्यावर सासरे नातीला तिच्यावर बसवून शाळेत सोडायचे. ते थकले आणि सायकल जिन्याखाली गेली. आता मुलगी कानपूरला बँकेत आहे, होळीला घरी येणार होती. भाभींना ती सायकल तोवर चालती करून हवी होती. “बिटिया ने अब्बू को चलाते नहीं देखा, भाईसाहब,” त्या म्हणाल्या. “साइकिल को तो चलते देख ले.”

मी म्हटलं, आणा. हात शिवशिवतच होते. रिटायर झाल्यापासून मी फक्त मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत होतो, आणि तेही बायको म्हणेल तेव्हा.

पाचला उठायची सवय सुटलेली नाही. सव्वासातला चहा घेऊन मी छतावर जायचो. लखनौचा जानेवारी म्हणजे कोहरा, दाट धुकं. समोरची घरं नाहीत, टाक्या नाहीत, रस्ता नाही. खालून सब्जीवाल्याचा आवाज येतो, पण सब्जीवाला नाही. मी, एक सायकल आणि पांढरं. दहाच्या सुमाराला ऊन दुधासारखं पातळ होऊन उतरायचं आणि कॉलनी हळूहळू परत यायची. त्या तीन तासांत मी कुठे असायचो, मला नीट सांगता येणार नाही. हात छतावर असायचे. बाकीचा मी बऱ्याचदा त्या खिंडीत.

तिथेही असंच पांढरं होतं. पहाटे पाच-चाळीसला रेडिओ वाजला. राशनची एक गाडी वळणावर घसरून कडेला लटकली होती, ड्रायव्हर आत. सहा-दहाला आम्ही पोचलो. मागची चाकं रस्त्यावर, पुढची हवेत. पुढच्या ॲक्सलला हूक लावल्याशिवाय ओढता येत नव्हतं, आणि ॲक्सलपर्यंत जायचं तर उतारावर उतरायला हवं. इश्तियाक म्हणाला, “मैं जाता हूँ, उस्ताद. मैं सबसे पतला हूँ.” मी म्हणालो, “जा.”

हूक लागलं. सहा-बत्तीसला गाडी दीड फूट मागे आली, ड्रायव्हर दार उघडून बाहेर पडला. इश्तियाक वर यायला वळला, तेवढ्यात वरचा ओला डोंगर सुटला. आवाज मोठा नव्हता. कुणी रेतीचं पोतं उलटं करावं, तेवढाच.

रेडिओवर कॅप्टन साहेब होते.

“ड्रायव्हर? ओव्हर.”

“ड्रायव्हर बाहर है, साहब. ओव्हर.”

“तुम्हारे कितने? ओव्हर.”

“एक कम. ओव्हर.”

दुपारी पावणेदोनला तो सापडला. एस्कॉर्ट म्हणून त्याला लखनौला मीच आणलं. मी ‘जा’ म्हणालो होतो, हे भाभींना पहिल्याच दिवशी सांगितलं.  त्या ईदला त्यांनी मला बोलावलं, आणि नंतर प्रत्येक ईदला.

आता सायकल. पॅडलच्या दांड्यांच्या कॉटर पिना गंजून बसल्या होत्या, दोन दिवस रॉकेल पाजलं तेव्हा सुटल्या. खोगीराचं कातडं लाकूड झालेलं. चाकाच्या हबमधलं ग्रीस काळं आणि घट्ट, पण बेअरिंगच्या गोळ्या शाबूत. सगळे भाग जुन्या चादरीवर ओळीने लावले. फ्रेमवर फौजी हिरवा रंग होता, पोपडे सुटलेला. वरच्या नळीवर पांढऱ्या अक्षरात नंबर, रँक, नाव. लान्स नायक इश्तियाक अहमद. मला हसू आलं. फौजी माणूस कशावरही नंबर टाकतो. मग्गा, थाळी, ट्रंक, खाट. ह्याने बापाच्या सायकलवर टाकला होता.

आणि रँक जुनी होती. शेवटच्या सुट्टीत रंगवली असणार, नायक तो त्यानंतर झाला. फौजेत प्रमोशन झालं की ट्रंकवरचं नाव खरवडतात आणि नवीन रँकसकट पुन्हा लिहितात. माझ्या ट्रंकवर सहा थर आहेत. त्या अक्षरांचं कुणाला काही नसतं. मी ठरवलं, रंग साफ काढू, नवा हिरवा चढवू, पेंटरकडून ‘नायक’ असं झकास लिहून घेऊ. भाभींना सरप्राईज. बायको म्हणाली, अहो, त्यांना विचारलंत का? मी म्हणालो, यात काय विचारायचं? रंग काढायचं केमिकल लावलं, पत्र्याने खरवडलं. वरची नळी वीस मिनिटांत चकचकीत.

चौथ्या दिवशी दुपारी भाभी आल्या. छतावर आल्या आणि नळीकडे बघत उभ्या राहिल्या. मी उत्साहाने पेंटरचं सांगत होतो. पेंटरचा हात कसा साफ आहे, वगैरे.

“वो लिखावट थी उनकी,” भाभी म्हणाल्या.



“ख़त तो लिखते नहीं थे. फ़ोन करते थे. और कहीं नहीं है.”

मी मूर्खासारखा बोललो, ट्रंक आहे ना. त्यांनी मान हलवली. ट्रंक घरी आली ती नव्याने रंगवलेली, पेंटरच्या अक्षरात. आणि ती ट्रंकही मीच रंगवून घेतली होती. माझ्या जवानाचं सामान घरी जातंय, पोपडे सुटलेलं, चुकीच्या रँकचं जाऊ नये म्हणून. इज्जत म्हणून. मी स्वतः उभा राहून करून घेतलं होतं.

भाभी म्हणाल्या, कोई बात नहीं, भाईसाहब. चहा न घेता गेल्या. 

आठ दिवस मी छतावर गेलो नाही. नंतर गेलो, कारण पोरगी यायची होती आणि सायकल चादरीवर सुटी पडली होती. उघड्या नळीवर दमटपणाने नारिंगी गंज धरला होता. तो पुसला, तेलाचा हात दिला. बाकीच्या फ्रेमवरचा रंग तसाच ठेवणं विद्रूप दिसलं असतं, पण केमिकलला हात लावायची हिंमत होईना. पॉलिश पेपर घेतला आणि बोटाबोटाने घासायला लागलो. वाटायचं, अजून कुठे काही लिहिलेलं असेल. काही नव्हतं. रोज वीतभर नळी उघडी व्हायची, दुसऱ्या दिवशी तिच्यावर पुन्हा नारिंगी छटा. पुन्हा पुसायचं. कोहरा, तेलाचा वास, घासण्याचा आवाज. एकदा मी चक्क “इश्तियाक, पाना दे” म्हणालो. हात पुढे केलेला तसाच राहिला. मग मीच उठून पाना घेतला.

पॅडलच्या वर, जिथे दोन नळ्या जुळतात, तिथे हिरव्याखालून पिवळं दिसलं. मी थांबलो. जपून घासलं. तडकलेल्या नळीवर पितळ वितळवून केलेली झाळ होती. कारखान्याची नव्हे, नंतर कुणीतरी केलेली. झाळीच्या खवल्यांसारख्या कड्या डावीकडून उजवीकडे पडलेल्या, आणि शेवटी एक बारीक शेपूट.

आता हे सिव्हिलियन माणसाला कसं सांगू? पन्नास वेल्डरांची झाळ समोर ठेवा, मी माझा माणूस ओळखेन. इश्तियाक डावखुरा. आमच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची टॉर्च डाव्या हातात धरणारा एकटाच. त्याच्या कड्या इतरांच्या उलट्या पडत, आणि टॉर्च उचलताना तो मनगटाला एक झटका देई, त्याचं शेपूट राही. त्यावरून मी त्याला कितीदा झापलंय. ते घासून सपाट कर, म्हणायचो. तो जी उस्ताद म्हणायचा आणि तसंच ठेवायचा.

मी छतावर बसलो आणि रडलो. वर आलेल्या बायकोने बघितलं. ती माझ्याजवळ खाली बसली, अंगठ्याने ते शेपूट चाचपलं आणि म्हणाली, “आता रंग लावायचा नाही.” हुकूमच होता. पेंटरला नकोच सांगितलं. पूर्ण फ्रेम उघडी केली, एका गॅरेजवाल्याकडून नुसतं पारदर्शक लॅकर मारून घेतलं. चाकं सरळ केली, नवीन टायर, खोगीराला तेल पाजून पाजून मऊ केलं. फ्रेमचं लोखंड राखाडी, आणि मध्ये तेवढं बोटभर पिवळं.

होळीच्या दोन दिवस आधी, सकाळी सायकल ढकलत विकास नगरला गेलो. चालवली नाही. पहिल्यांदा मी बसणं बरं दिसलं नसतं. कोहऱ्याचे दिवस संपले होते, पण हवा अजून धूसर होती. सारा रस्ता फ्रीव्हीलची टिकटिक.

भाभी दारात आल्या. बिनरंगाची फ्रेम बघून त्यांचा चेहरा उतरला, मला दिसलं.  त्यांचा हात धरायची आमच्यात रीत नाही, म्हणून नुसतं खाली बसून ती जागा दाखवली. म्हणालो, हे त्याचं आहे. त्याच्या हातचं. माझी सही घ्या.

भाभी खाली बसल्या.  मग त्यांनी सांगितलं. त्या शेवटच्या सुट्टीत दोघं या सायकलवरून पडले होते, बिटिया पोटात होती, आणि नळी तडकली. त्या भयंकर चिडल्या होत्या, ही खटारा भंगारात द्या म्हणाल्या होत्या. इश्तियाक सायकल घेऊन बाहेर पडला, संध्याकाळी परत आला, म्हणाला एका मिस्त्रीने जोडून दिली. त्याच रात्री रंगवली. पुढे आठ वर्षं बिटिया तिच्यावरून शाळेत गेली, आणि ती जोड कधी हलली नाही.

“मैंने पूछा था, मिस्त्री कैसा है,” भाभी म्हणाल्या. “बोले, पूरे लखनऊ में उसके जैसा नहीं.”

त्या हसल्या. मग ओढणी तोंडावर धरली.

“भाईसाहब, उस मिस्त्री को मैं आज तक दुआ देती हूँ.”

नायक इश्तियाक अहमद, वेल्डर. बायकोसमोर स्वतःचीच तारीफ करून ड्युटीवर परतला, आणि इतकी वर्षं पकडला गेला नाही.