डोंगरकड्याच्या वाड्यावर माझी बेसबॉलची गोष्ट

सुनंदाचा फोन आला आणि मी नांदेडचं तिकीट काढलं. मैत्रिणीला भेटायला चालले, असं घरी सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. फोनवर ती सहज म्हणाली होती, "तू हॉस्टेलात वाचून दाखवायचीस ना, त्या बेसबॉलच्या गोष्टी मी हितं सांगते. लोकं मेंढरांच्या कातरणीला लांबून येऊन राहिले त्या ऐकायला." पुण्यात तेच प्रसंग मी या ब्लॉगवर चार वेळा लिहिले आहेत. वाचक अकरा. मला बघायचं होतं, माझं काय तिच्याकडे गेलं आहे ते.

सकाळी नांदेडला उतरून हिंगोलीची एसटी धरली. अर्धापूर सोडलं की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. खिडकी डावीकडची घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. दीड तासात डोंगरकडा. फाट्यावर भजी आणि चहा पंधरा रुपयांत झाला. तिथून सुनंदाच्या सासरच्या मेंढवाड्यापर्यंत अर्धा तास चालत जावं लागतं. रस्ता विचारताना नुसतं "बॉलवाल्या बाई" म्हटलं तरी पुरलं. तेही मला टोचलं.

कॉलेजात सुनंदा बेसबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी होती, विद्यापीठाच्या संघात निवडली गेलेली. मी स्कोअर लिहायची. ग्रंथालयात जुन्या अमेरिकी मासिकांचे बांधीव खंड होते, दुसरं महायुद्ध नुकतं संपल्यानंतरच्या वर्षांचे. हॉस्टेलच्या पायरीवर बसून मी इंग्रजीतून वाचायची, मराठीत सांगायची आणि ती चेंडू हातात फिरवत ऐकायची. पुढे मी इंग्रजीची प्राध्यापक झाले. ती धनगराच्या घरात पडली आणि गावच्या शाळेत मुलींचा संघ तयार करू लागली.

मी पोचले तेव्हा कातरणी अर्ध्यावर आली होती आणि गोष्टही. वाड्यात वीस-पंचवीस माणसं होती. एकाने मेंढीचे पाय धरायचे, दुसऱ्याने कातर चालवायची. पाय धरायला सुनंदाच्या संघातल्या मुली होत्या. तिने मला बघून नुसती मान हलवली, गोष्ट थांबवली नाही.

"...लढाईवरून आलेली माणसं ती. शेवटची मॅच, दोन्हीकडं बराबर. ह्यो पहिल्या बेसवर उभा. तिकडं फटका बसला अन् ह्यो सुटला! दुसरा बेस, तिसरा बेस. मान वळवली का त्यानं?"

"न्हाई!" सगळा वाडा ओरडला.

"काहून न्हाई?"

"पुढच्यानं मागं बघायचं नसतंय!" पाय धरलेली एक मुलगी म्हणाली. ती रुक्मिण, संघातली सगळ्यांत वेगवान.

हा मेंढरं हाकायचा नियम. कळप रस्ता ओलांडत असताना पुढे चालणाऱ्याने मागे बघायचं नाही. त्याची मान वळली की पहिली मेंढी थांबते आणि सगळा कळप रस्त्यात अडकतो. सुनंदाने तो नियम अमेरिकेतल्या धावपटूला लावला होता आणि तो तिथे असा बसला होता, जणू मासिकातच छापलेला. धावपटू तिन्ही थांबे ओलांडून होमवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी पोचला, धाव झाली, सामना जिंकला. कातरी बाजूला ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, "माय, दरसाली ऐकते. दरसाली छातीत धडधड होते."

माझ्या वर्गात कुणाच्या छातीत कधी धडधड झालेली नाही.

जेवणात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. मुली माझ्याभोवती बसल्या आणि मी बोलले. "खरं तर तिसऱ्या बेसजवळचा कोच त्याला थांब म्हणत होता. त्याने ऐकलं नाही. चेंडू परत फेकणारा क्षणभर गोंधळला, निदान काही जण तसं म्हणतात. नाहीतर तो आउट होता."

रुक्मिणने विचारलं, "मंग बाई, कोचकडं बघायचं का न्हाई?"

"बघायलाच हवं. नियमच आहे तो."

सुनंदा भाकरी मोडत होती. मी सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पण तो मी का सांगितला, हे तेव्हाही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीला जिल्ह्याची अंतिम फेरी होती. जिंकणारा संघ रेल्वेने औरंगाबादला जाणार होता. अकरा मुलींपैकी नऊजणी रेल्वेत कधी बसल्या नव्हत्या. बसमध्ये त्यांचं त्यावरच चाललं होतं. "खिडकी माझी!" "आधी जिंक तर, भवाने!" स्टँडवर सगळ्यांनी पोहे खाल्ले. मैदान पायी जाण्याच्या अंतरावर आहे, रिक्षा करू नका.

शेवटची इनिंग, बरोबरी, दोन गडी बाद. रुक्मिण पहिल्या बेसवर. फटका डावीकडे मोकळ्यात गेला आणि ती सुटली. हुबेहूब तोच प्रसंग. तिसऱ्या बेसजवळ सुनंदा हात गरगर फिरवत होती, पळ, पळ. तिथे पोचताना रुक्मिणने मान वळवली आणि तिच्याकडे बघितलं. पाऊल अडखळलं, एकच. होमच्या वीतभर आधी कॅचरचा चेंडू धरलेला हात तिच्या गुडघ्याला लागला आणि ती आउट झाली.

पुढे जादा इनिंगमध्ये आमच्या मुली हरल्या.

रुक्मिण रडत नव्हती. सुनंदाला म्हणाली, "बाई, मी बघितलं. ह्यांनी सांगितलं व्हतं बघायचं." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. नियम पाळल्याचं ती सांगत होती.

मी सुनंदाला बाजूला घेतलं. "माझ्यामुळे झालं."

"तू खरं सांगितलंस ना?"

"हो. पण तुझा हेवा वाटला म्हणून सांगितलं."

"हेवा? माझा? आगं, मला ती मासिकं वाचता आली असती तर तुझी वाट बघत पायरीवर बसले असते का मी?" मग ती बॅटी गोळा करायला वळली. "चल. बस जाईल."

परतीच्या बसमध्ये कळमनुरी मागे पडल्यावर सुनंदा म्हणाली, "आज ह्या बाई सांगतील. त्यांचीच गोष्ट हाय ती."

मी उठले, सीटची दांडी धरली. "महायुद्ध संपल्यानंतरचा पहिला हंगाम होता..."

"बाई, चुकलं," रुक्मिण म्हणाली. दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली. "सुरुवात तशी न्हाई."

"मग कशी?"

तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, "हॉस्टेलच्या पायरीवर शुभा बसली व्हती. तिच्या मांडीवर ह्ये एवढं मोठं पुस्तक..."

शुभा म्हणजे मी. काल मी अर्ध्यावर पोचले होते, सुरुवात ऐकलीच नव्हती. ती सुरुवात मुलींनी मला पूर्ण ऐकवली. त्यात शुभाला सगळं वाचता येतं आणि ती काहीच स्वतःपाशी ठेवत नाही. धावपटू दुसऱ्या बेसवर होता तेवढ्यात डोंगरकडा आलं. मुली उतरल्या, मला पुढे नांदेडला जायचं होतं. सुनंदाने खालून खिडकीवर थाप मारली आणि गेली.

पुण्यात येऊन आठवडा झाला. जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, कातरणी तेव्हाच असते. उशिरा मात्र पोचू नका. मासिकांच्या पानांच्या झेरॉक्स टेबलावर आहेत. त्यांत कोचने केलेली थांबायची खूण आहे, शुभा कुठेच नाही. हेवा गेला का, असं स्वतःला रोज विचारते. सुनंदाचा बराचसा गेला. आता त्या पायरीवरच्या शुभाचा वाटतो.